नागपूरच्या ब्रूपबमध्ये टॅपवर कोणत्या बीअर ठेवाव्यात?

ब्रूपब, म्हणजे स्वतःची बीअर तिथेच बनवून विकणारा बार, काढायचं ठरलं की पहिलं भांडण होतं ते बीअरच्या यादीवरून. मालकाला बारा टॅप हवे असतात, कारण बारा चकचकीत नळ बारवर शोभून दिसतात. बीअर बनवणाऱ्या ब्रुअरला डबल आयपीए आणि बेल्जियन क्वाड्रुपेलसारख्या तगड्या बीअर करायच्या असतात, कारण तेच शिकायला त्यानं पैसे घातलेले असतात. पैसे लावणाऱ्या मेहुण्याचं म्हणणं एवढंच असतं, 'किंगफिशरसारखी एक तरी ठेवा बाप्पा.' या तिघांत मेहुणाच खऱ्याच्या सगळ्यात जवळ असतो, पण त्याचं कोणी ऐकत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नागपुरात सुरुवातीला सहा कायमचे टॅप आणि सातवा हंगामी, एवढे पुरेत. कोणत्या सात, हे ब्रुअरच्या आवडीवर सोडू नये. ते तीन गोष्टींवरून ठरतं: तुमच्या टाक्यांचे दिवस, नागपूरचा मे महिना आणि गिऱ्हाइकाच्या ताटातलं तिखट. त्याच क्रमानं जाऊ.

पायरी १: टाक्यांचे दिवस मोजा

कागद-पेन्सिल घ्या. समजा तुमचं ब्रूहाउस, म्हणजे धान्याचा रस काढून उकळायची भांडी, ५०० लिटरचं आहे आणि फर्मेंटर, म्हणजे आंबवायच्या टाक्या, सहा आहेत. एका बॅचमधून तळाचा गाळ आणि यीस्ट वजा जाता साधारण ४५० लिटर विकायजोगी बीअर हाती लागते. समजा सोमवार ते गुरुवार रोज ६० लिटर खपते, शुक्रवारी १२०, शनिवार-रविवारी १७०-१७०. आठवड्याला ७०० लिटर झाले, महिन्याला ३,०००. म्हणजे महिन्याला सात बॅच.

बारा टॅपचा हट्ट इथेच मोडतो. ७०० लिटर बारा टॅपवर वाटले की एका टॅपच्या वाट्याला आठवड्याला ५८ लिटर येतात. ४५० लिटरची बॅच संपायला जवळजवळ आठ आठवडे लागतात. ब्रूपबची बीअर न गाळलेली, पाश्चराइझ न केलेली. गव्हाच्या बीअरचा ताजेपणा काही आठवड्यांत उतरतो, आणि आयपीए, म्हणजे हॉप्सच्या फुलांनी कडू आणि सुवासिक केलेली इंडिया पेल एल, तिचा वासही लवकर पळतो. सात टॅप ठेवले तर तीच बॅच साडेचार आठवड्यांत संपते. बारवर शोभा थोडी कमी, पण ग्लासात ताजी बीअर.

आता कोणती बीअर टाकी किती दिवस अडवते ते पाहा. गव्हाची बीअर दोन आठवड्यांत तयार होते. ब्लाँड, अँबर या हलक्या-मध्यम एलना (एल म्हणजे उबेत लवकर आंबणारी बीअर) आंबवणं आणि थंड करून निवळवणं धरून वीस दिवस लागतात. आयपीएला आंबवण्याच्या शेवटी वरून कोरडे हॉप्स घालायचे म्हणून २१. तगड्या गडद गव्हाच्या बीअरला २५. किंगफिशरच्या जातीची खरी लागर मात्र ८ ते १३ अंशांवर हळूहळू आंबते आणि मग शून्याच्या आसपास काही आठवडे पडून राहते. ती चाळीस दिवस टाकी सोडत नाही.

महिन्याचा हिशेब असा: गव्हाच्या हेफेवायझनच्या दोन बॅच (२८ दिवस), गव्हाचीच विटबीअर (१४), ब्लाँड (२०), अँबर (२०), आयपीए (२१) आणि एका महिन्याला तगडी गडद, पुढच्या महिन्याला हंगामी (२५ धरा). एकूण १२८ टाकी-दिवस. सहा टाक्यांचे महिन्याचे दिवस १८०. त्यातून धुणं, उशीर आणि बिघाड यांचे पंधरा टक्के काढले की १५३ उरतात. शिल्लक पंचवीस. या पंचविसात लागर बसत नाही. ब्लाँड पूर्ण बंद केली तरच बसते, आणि मग पाच दिवसांची फट राहते. एक पंप बिघडला की ती फटही गेली.

म्हणून माझा सल्ला: पहिल्या वर्षी लागर कायमच्या यादीत नको. 'किंगफिशरसारखी' मागणी ब्लाँडनं भागते, ते पुढे सांगतो. लागर करायचीच असेल तर जानेवारीत करा, एप्रिलसाठी. जर्मनीत उन्हाळ्यात बीअर बिघडते म्हणून मार्चमध्ये करून थंड तळघरात ठेवायची रीत होती, तिच्यावरूनच मेर्त्सेन हे नाव पडलं. नागपूरला तेच गणित दोन महिने अलीकडे आणावं लागतं. जानेवारीत नळाचं पाणी थंड असतं, टाक्या गार ठेवणाऱ्या ग्लायकॉलच्या चिलरवर भार कमी असतो.

मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देईल इतकं तापलेलं असतं. उकळलेला वर्ट, म्हणजे न आंबलेला धान्याचा गोड रस, प्लेटच्या हीट एक्स्चेंजरमधून काढताना तो शिरणाऱ्या पाण्यापेक्षा थंड होऊच शकत नाही. पाणी ३८ अंशांचं असेल तर वर्ट चाळिशीच्या आसपास अडकतो, आणि त्यात एल यीस्ट टाकलं तर बीअरला थिनरसारखा वास मारतो. त्यामुळे गार पाण्याची वेगळी टाकी किंवा एक्स्चेंजरचा दुसरा, ग्लायकॉलचा टप्पा हा खर्च सजावटीच्या आधी करा. आणि जनरेटर फक्त एसीला जोडू नका, चिलरलाही जोडा. बीअर आंबताना स्वतःची उष्णता सोडते. दुपारी वीज गेली की टाकी आपोआप तापत जाते.

पायरी २: यीस्ट दोनच ठेवा

यादी ठरवताना हा मुद्दा बहुतेक जण शेवटी बघतात, खरं तर तो दुसरा यायला हवा. प्रत्येक शैलीला वेगळं यीस्ट घेत गेलात तर पाकिटांचं बिल वाढतं आणि घोटाळेही वाढतात. एक स्वच्छ, तटस्थ एल यीस्ट, म्हणजे यूएस-०५ किंवा त्या जातीचं, ब्लाँड, अँबर, आयपीए, स्टाउट आणि आंबट गोझं या सगळ्यांना चालतं. दुसरं गव्हाच्या बीअरचं. त्यावर हेफेवायझन आणि तगडी वायझनबॉक दोन्ही होतात. काही ब्रुअर विटबीअरसाठी तिसरं, बेल्जियन यीस्ट घेतात. सुरुवातीला गव्हाच्याच यीस्टवर, जरा कमी तापमानाला, विटबीअर काढली तरी भागतं. फार काटेकोर गिऱ्हाईक नाक मुरडेल, पण असं गिऱ्हाईक महिन्यात दोन येतात.

एकाच यीस्टच्या बॅच पाठोपाठ लावल्या की तळाचं यीस्ट पुढच्या बॅचमध्ये वापरता येतं. स्वच्छता चोख असेल तर पाच-सहा पिढ्या सहज. क्रम मात्र फिकटाकडून गडदाकडे आणि कमी कडूकडून जास्त कडूकडे ठेवा: आधी ब्लाँड, मग अँबर, मग आयपीए. आयपीएच्या तळाचं यीस्ट ब्लाँडमध्ये टाकलं तर ब्लाँडमध्ये कडवटपणा उतरतो.

पायरी ३: पाणी

यावर फार वेळ घालवायचं कारण नाही. महापालिकेचं पाणी असो की बोअरचं, आधी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. बोअरचं बहुधा जड निघतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कार्बन फिल्टरनं काढलंच पाहिजे, नाहीतर बीअरला दवाखान्याचा वास येतो. सोपी वाट म्हणजे आरओ पाण्यात हवे तेवढे क्षार परत घालणं. आयपीएला जिप्सम जास्त, अँबर आणि गव्हाच्या बीअरला कॅल्शियम क्लोराइड जास्त. मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या धान्याचा, पीएच ५.२ ते ५.६ मध्ये बसला की पुढे चला.

पायरी ४: टॅप एकेक करून

*पहिला टॅप: हेफेवायझन.* हा टॅप कधीच रिकामा राहता कामा नये, म्हणूनच महिन्याला दोन बॅच. धुरकट, फेसाळ, केळ्याचा आणि लवंगेचा वास असलेली ही जर्मन गव्हाची बीअर भारतातल्या ब्रूपबना सगळ्यात जास्त धंदा देते. निम्म्याहून अधिक गव्हाचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), ५ टक्के अल्कोहोल, कडूपणा नावाला, १० ते १५ आयबीयू (हे कडूपणाचं माप). बाटलीतल्या बीअरच्या कडवटपणाला कंटाळलेला माणूस, पहिल्यांदाच क्राफ्ट बीअर पिणारा, ऑफिसच्या पार्टीतला 'मी फारशी घेत नाही' म्हणणारा, तिघांनाही ती चालते. १८-१९ अंशांवर आंबवली तर लवंग पुढे येते, २२-२३ वर केळं. नागपुरात केळ्याकडे झुकलेलीच जास्त उठते. मात्र २५ च्या वर जाऊ देऊ नका. केग, म्हणजे बीअरचं पिंप, जोडण्याआधी हलक्या हातानं एकदा लोळवा, म्हणजे तळाला बसलेलं यीस्ट पसरेल. नाहीतर पहिले ग्लास चिखलासारखे आणि शेवटचे पाण्यासारखे जातात.

*दुसरा टॅप: संत्र्याची विटबीअर.* नागपुरात संत्र्याची बीअर नाही म्हटलं तर लोक दारातून परत जातील. तेव्हा ती ठेवायचीच, पण एकच, आणि नीट. बेल्जियन विटबीअरमध्ये मुळातच संत्र्याची साल आणि धणे असतात. बेल्जियममधली ही बुडालेली शैली १९६६ मध्ये पिएर सेलिस यांनी होगार्डनमध्ये पुन्हा उभी केली. त्यामुळे इथे संत्रं ओढूनताणून आणावं लागत नाही. तिकडे कडू संत्र्याची साल वापरतात, आपल्या संत्र्याची साल पातळ, सैल आणि गोडसर वासाची असते. फक्त वरचा केशरी थर किसून घ्या, खालचा पांढरा आला की कडू होतं. ५०० लिटरला ताजा किस एक ते दीड किलो, धणे ३०० ते ४०० ग्रॅम, जाडसर कुटलेले, उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत. आपले लांबट धणे वासाला छान लिंबाळ असतात, फक्त जुने नकोत. रस घालायचा मोह टाळा. रसातली साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि मागे पातळ आंबटपणा उरतो.

आंबिया बहाराची फळं ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत कळमना बाजारात येतात, मृग बहाराची फेब्रुवारीपासून पुढे. या दोन खेपांत किस काढून वजनाप्रमाणे पुड्या बांधून फ्रीझरमध्ये टाकला तर उन्हाळाभर पुरतो. फळं नीट धुऊन घ्या, सालीवर फवारणी बसलेली असते.

*तिसरा टॅप: ब्लाँड.* हाच मेहुण्याचा टॅप. फिकी, स्वच्छ, ४.५ टक्के, १६ ते २० आयबीयू. कोल्न शहराच्या कोल्श बीअरप्रमाणे एल यीस्टवर थंड बाजूला आंबवून आठवडाभर शून्याजवळ ठेवली की लागरच्या इतकी जवळ जाते की दहातल्या नऊ जणांना फरक कळत नाही. एक युक्ती सांगतो. बाटलीतल्या आपल्या लागरला जो हलकेपणा असतो, तो बराचसा तांदळामुळे असतो. कच्चा तांदूळ मॅशच्या तापमानाला नीट उलगडत नाही, तो वेगळा शिजवावा लागतो. पोहे मात्र आधीच भाजून-चेपून तयार झालेले असतात. एकूण धान्याच्या दहा ते पंधरा टक्के साधे पोहे सरळ मॅशमध्ये टाका, काम झालं. तर्री फक्त टाकू नका.

आयपीएलच्या दिवसांत किंवा जामठ्याला मॅच असली की हाच टॅप पिचरनं चालतो. त्या आठवड्यात दोन केग जास्त भरून ठेवा.

*चौथा टॅप: अँबर.* हा टॅप सावजीसाठी, आणि यावर जरा थांबतो, कारण नागपूरच्या ब्रूपबची यादी पुण्या-मुंबईपेक्षा वेगळी व्हायला हवी ती इथेच.

सावजी मटणाचं तिखट जिभेवर रेंगाळतं. मिरचीतला कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या जागेला डिवचतो, तिलाच अल्कोहोलही डिवचतं, आणि वर बीअरमधला वायू टोचतो. त्यात हॉप्सचा कडवटपणा आला की घशापर्यंत आग. 'मिरचीला बीअर मारते' असं म्हणतात, पण पाच टक्के अल्कोहोलात मिरची धुऊन निघत नाही. उतारा दोन गोष्टींचा: थंडाव्याचा आणि माल्टच्या गोडसरपणाचा. म्हणून एक बीअर अशी हवी की जिच्यात म्युनिक माल्टचा भाजलेल्या पोळीसारखा स्वाद असेल, थोडं क्रिस्टल माल्ट असेल, कडूपणा २० ते २५ आयबीयूच्या आत, शेवटची घनता १.०१२ ते १.०१४, म्हणजे जिभेवर थोडा गोडवा उरेल. वायूही जरा कमी भरा.

उघडण्याआधी ही परीक्षा घ्याच. सावजीचा डबा मागवा. रस्सा आणि भाकरीचे दोन घास खा आणि एक घोट आयपीएचा घ्या. पाणी पिऊन थोडं थांबा, पुन्हा दोन घास आणि एक घोट अँबरचा. स्टाफलाही करायला लावा. एकदा स्वतः अनुभवलं की टेबलावर काय सुचवायचं हे त्यांना पाठ करावं लागत नाही.

एक बारीक निरीक्षण: ओठाला तर्रीचं तेल लागलेलं असलं की पहिल्याच घोटात फेस बसतो, कारण तेल फेसाचे बुडबुडे फोडतं. गिऱ्हाईक म्हणतं, 'बीअर फ्लॅट आहे.' बीअर ठीक असते. सावजीच्या ताटाबरोबर जाडसर टिश्यू आणि अरुंद तोंडाचा ग्लास द्या, तक्रारी निम्म्या होतात.

*पाचवा टॅप: आयपीए, आणि एकच.* एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून जहाजानं हिंदुस्थानात येणाऱ्या बीअरवरून हे नाव पडलं, पण नागपूरच्या गिऱ्हाइकाला त्या नावाचं काही कौतुक नसतं. ती मागणारे थोडे, पण पुण्या-बंगळुरूहून सुट्टीला आलेले, मिहानमध्ये नोकरी करणारे, क्राफ्ट बीअर ओळखणारे तेच असतात. यादीत आयपीए नसली तर ते तुम्हाला ब्रूपबच मानत नाहीत. ५.५ ते ६ टक्के, ४० ते ४५ आयबीयू, त्याहून कडू नको. संत्र्या-आंब्याच्या वासाचे हॉप्स कोरडे टाका. हॉप्स बाहेरून येतात, महाग असतात, त्यामुळे बॅच अर्धीच करता आली तर अर्धीच करा. पाच आठवड्यांपेक्षा जुनी आयपीए विकू नका. हा ग्राहक ओळखतो आणि गप्प बसत नाही.

*सहावा टॅप: वायझनबॉक.* दारावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'भाऊ, स्ट्राँग कोणती?' भारतात खपणाऱ्या बीअरमध्ये स्ट्राँगचाच वाटा मोठा आहे, तेव्हा या प्रश्नावर नाक मुरडणाऱ्या ब्रुअरनं दुसरा धंदा बघावा. वायझनबॉक म्हणजे गडद, तगडी गव्हाची बीअर, ७ टक्क्यांच्या आसपास, पिकलेलं केळं, मनुका, गुळाचा वास. हेफेवायझनच्याच यीस्टवर होते, कडू नसते, आणि 'काळी बीअर आहे का?' आणि 'स्ट्राँग आहे का?' हे दोन प्रश्न एकाच टॅपवर मिटतात. टिकतेही जास्त, म्हणून दोन महिन्यांतून एक बॅच पुरते. अल्कोहोलचा आकडा पक्का करण्याआधी तुमच्या परवान्यावरची मर्यादा आणि शुल्काचा टप्पा राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून विचारून घ्या. अर्ध्या टक्क्यानं हिशेब बदलू शकतो. ही २५० मिलीच्या ग्लासातच द्या, पिचर नाही. वर्धा रोडवर रात्री गाडी चालवत घरी जाणारा माणूस तुमचाच गिऱ्हाईक आहे.

पायरी ५: सातवा टॅप आणि वर्षाचं वेळापत्रक

सातवा टॅप हवामानावर आणि पंचांगावर चालतो. इंग्रजी ऋतूंच्या 'समर एल, विंटर एल' याद्या इथे चालत नाहीत. आपला उन्हाळा मार्चमध्ये सुरू होतो आणि जूनच्या मध्यापर्यंत हटत नाही.

मार्च ते जून: गोझं. जर्मनीतल्या गोस्लार-लाइपझिग भागातली ही आंबट, किंचित खारट गव्हाची बीअर. ४५ अंशांत घामानं निथळून आलेल्या माणसाला यापेक्षा बरं काही देता येत नाही, अल्कोहोलही फक्त ४ टक्के. वर्ट केटलमध्ये ४० अंशांजवळ ठेवून लॅक्टोबॅसिलस हे आंबट करणारे जंतू सोडा, एक-दोन दिवसांत पीएच ३.४ पर्यंत उतरला की उकळा. उकळीत ते जंतू मरतात, त्यामुळे बाकीच्या टाक्यांना धोका राहत नाही. हॉप्स उकळीतच घाला, आधी घातले तर लॅक्टोबॅसिलस काम करत नाही. मीठ ५०० लिटरला अर्धा किलोपासून सुरू करा. रंग आणि चवीसाठी अंबाडीची वाळलेली बोंडं घाला. विदर्भात हिवाळ्यात ती निघतात, सरबतासाठी घरोघर वाळवतात, तेव्हाच वर्षाची भरून ठेवा. बोंडं आंबून झाल्यावर, दीड-दोन किलो, जाळीच्या पिशवीत. लाल रंग असा उतरतो की एका टेबलावर गेली की शेजारची तीन टेबलं 'ते काय आहे?' विचारतात. पाटीवर मात्र 'गोझं' लिहून थांबू नका. 'अंबाडी, आंबट-खारट' लिहा.

जुलैच्या आसपास एक उसळी येते, श्रावणाआधीची. आषाढ अमावास्येच्या आठवड्यात हेफेवायझन आणि वायझनबॉक भरपूर हवी, म्हणजे वायझनबॉकची बॅच महिनाभर आधी लागली पाहिजे. त्यानंतर श्रावणात खप घसरतो. या महिन्यात सातवा टॅप सरळ बंद ठेवा, आयपीएची बॅच वगळा, टाक्यांची मोठी धुलाई आणि गॅस्केट बदलायची कामं उरका. श्रावण संपतो पोळ्याला, दुसऱ्या दिवशी मारबत. लोक मटणाकडे वळतात, अँबर तयार असू द्या. पण त्या दिवसांतले ड्राय डे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात आधी बघून घ्या. २ ऑक्टोबर तर ठरलेलाच, आणि निवडणूक लागली की मतदान संपण्याआधीचे ४८ तास विक्री बंद. लागोपाठ बंदचे दिवस आले तर हेफेवायझनची बॅच पाच दिवस पुढे ढकला, म्हणजे ती टाकीत म्हातारी होणार नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: ड्राय स्टाउट. थंडीत रात्री पारा दहाच्या खाली येतो, बाहेरच्या अंगणातल्या टेबलांना मागणी येते. साडेचार टक्के, भाजलेली बार्ली, कॉफीचा वास. डिसेंबरात अधिवेशन असतं, सिव्हिल लाइन्स-सदरची हॉटेलं भरलेली असतात, बाहेरगावची माणसं संध्याकाळी जागा शोधत असतात. तेव्हा स्टाउट आणि ताज्या आंबिया संत्र्याची विटबीअर, दोन्ही टॅपवर हवीतच. स्टाउट नायट्रोजनवर द्यायची असेल तर वेगळा नळ आणि ७०-३० चं गॅसमिश्रण लागतं. ते पहिल्या वर्षी नसलं तरी चालेल.

पायरी ६: टॅपपर्यंत थंड पोचवा

यादी कितीही चांगली असो, मे महिन्यात ती नळाच्या तोंडाशी हरते. कोल्ड रूमपासून बारपर्यंतची नळी उघडी असेल तर नळीतली बीअर गरम होते आणि पहिला अर्धा ग्लास नुसता फेस निघतो. पोरं तो ओतून देतात. रोज सहा-सात टॅपवर असं झालं तर महिन्याला बरीच बीअर गटारात जाते. नळ्यांच्या शेजारून ग्लायकॉलची नळी नेऊन वरून इन्सुलेशन चढवा, किंवा कोल्ड रूम थेट बारच्या भिंतीमागे घ्या. दुसरा पर्याय स्वस्त आणि चांगला. आर्किटेक्टला पहिल्याच बैठकीत सांगा.

ब्लाँड आणि गोझं ३-४ अंशांवर, गव्हाच्या बीअर ५-६, अँबर ६, वायझनबॉक आणि स्टाउट ८-१०. उन्हाळ्यात सगळ्याच दोन अंश खाली द्या, टेबलावर पोचेपर्यंत वर येतातच. नळ्या दर दोन आठवड्यांनी कॉस्टिकनं धुवायच्या, तारीख वहीत लिहायची आणि सही ब्रुअरची. या वेळापत्रकात 'वेळ मिळाला की' असं काही नसतं.

५० लिटरच्या केगमधून ३३० मिलीचे दीडशे ग्लास कागदावर निघतात, प्रत्यक्षात १४० धरा. त्याहून कमी निघाले तर फेस, गळती किंवा फुकट ग्लास, यापैकी काहीतरी चाललंय.

पायरी ७: पाटी आणि टेस्टर

पाटीवर प्रत्येक बीअरपुढे चार गोष्टी: नाव, चव दोन-तीन शब्दांत, कडूपणा कमी-मध्यम-जास्त, अल्कोहोलचा टक्का. आयबीयूचे आकडे गिऱ्हाइकाला नकोत. शंभर-शंभर मिलीच्या पाच ग्लासांचा टेस्टर ठेवा आणि ब्लाँडपासून सुरू करून वायझनबॉकवर संपवा. उलट क्रमानं दिला तर ब्लाँड पाणी लागते. 'स्ट्राँग कोणती' विचारणाऱ्याला आधी वायझनबॉकचा एक घोट चाखू द्या. निम्मे जण मग हेफेवायझनवर येतात, आणि तीन ग्लास जास्त पितात. २१ वर्षांखालच्याला बीअर द्यायची नाही, हे स्टाफला रोज सांगावं लागतं, विशेषतः कॉलेजच्या ग्रुपमध्ये.

चखण्याच्या पानावरही बीअरची नावं जोडा: पुडाची वडी आणि ब्लाँड, पाटोडी रस्सा आणि अँबर, मसाला पापड आणि गोझं. पुडाच्या वडीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, भरपूर असतो, विटबीअरमधल्या धण्यांशी तो छान जुळतो, म्हणून तीही चालेल.

पायरी ८: दर महिन्याला एक टॅप कापायची तयारी ठेवा

महिनाअखेर प्रत्येक टॅपचे लिटर वहीत मांडा. सलग दोन महिने एखादा टॅप आठवड्याला ६० लिटरच्या खाली राहिला तर त्याला अर्ध्या बॅचवर आणा. तिसऱ्या महिन्यात सुधारला नाही तर काढा. हा नियम ब्रुअरच्या लाडक्या बीअरलाही लागू. आयपीए ४० वर असेल तरी तिला अर्ध्या बॅचवर चालवत ठेवा, तिची कारणं वर सांगितली आहेत. अँबर खाली गेली तर बीअरला दोष देण्याआधी स्वयंपाकघराकडे बघा. बहुधा सावजीचं पान मेनूतून मागे गेलेलं असतं.

आणि काढलेल्या बीअरची उरलेली केग 'हॅपी अवर'मध्ये स्वस्तात खपवू नका. सहा आठवड्यांची हेफेवायझन अर्ध्या किमतीत पिणारा माणूस तीच तुमची चव समजून घरी जातो. स्वयंपाकघराला द्या, मटण मुरवायला आणि भजीच्या पिठात ती चांगली लागते. उरेल ती ओतून द्या आणि नोंदवहीत लिटर टाका.